अकरा घनसेंटिमीटर

‘अंतिम शर्यतीत गाडी क्रमांक एकवीस हिने मिळवलेला विजय हा तिच्या इंजिनाच्या नियमबाह्य आकारमानाचा परिणाम आहे, कारण लहान इंजिनाने मोठ्या इंजिनास नियमांच्या मर्यादेत राहून हरवणे तांत्रिकदृष्ट्या संभवत नाही.’

तांत्रिक समितीच्या अहवालातला हा चौथा परिच्छेद. अहवाल दीड पानाचा, त्यावर शिक्के तीन आणि सह्या पाच. एवढ्याशा मजकुराला एवढा मोठा पहारा लागावा, इथेच खरे तर संशय यायला हवा. पण शिक्का दिसला की वाचन थांबवणे ही सभ्य माणसांची जुनी खोड आहे.

वाक्याची बांधणी पाहा. आधी निष्कर्ष आहे, मग ‘कारण’ आहे, आणि त्या कारणाच्या पोटात तोच निष्कर्ष पाय मुडपून पुन्हा बसलेला आहे. लहान इंजिन जिंकू शकत नाही, हे जिंकले, सबब हे लहान नव्हे. हाच न्याय लावला तर नापास व्हायला हवा होता तो मुलगा पास झाल्यावर तो मुलगाच नव्हे, असा दाखला मुख्याध्यापकांना देता येईल. शिवाय, लहान गटाचा विजेता आणि मोठ्या गटाचा विजेता यांना शेवटी एकमेकांसमोर उभे करण्याचा नियम याच समितीने नऊ वर्षांपूर्वी केला. जे संभवतच नाही त्याची नऊ वर्षे तिकिटे विकणाऱ्यांना तांत्रिक समिती म्हणत नाहीत. त्यांच्यासाठी भाषेत दुसरे शब्द आहेत आणि ते मी सुनावणीत वापरले नाहीत, एवढाच माझा संयम.

आता आकडे. लहान गटाची कमाल मर्यादा तीन हजार घनसेंटिमीटर. गाडी क्रमांक एकवीसचे इंजिन चार सिलिंडरचे. अर्जात लिहिलेले माप दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी, समितीला सापडलेले माप तीन हजार अकरा. म्हणजे मर्यादेपेक्षा अकरा अधिक. अकरा घनसेंटिमीटर म्हणजे चहाचे दोन चमचे आणि वर एक थेंब. हरलेल्या गाडीचे इंजिन आठ सिलिंडरचे, सहा हजार सातशेचे. अहवालाचे म्हणणे असे की, सुमारे पावणेचार लिटरची तूट या दोन चमच्यांनी भरून काढली. औषधाच्या दुकानातही इतक्या थोड्या मात्रेत इतका गुण कोणी सांगत नाही.

गाडी क्रमांक एकवीस चालवणारी माझी भाची. शर्यतीच्या मैदानावर तिला ‘टाचणी’ म्हणतात; कारण ती बारीक आहे आणि टोचते. वय अडतीस. डिझेल इंजिनांचे इंजेक्टर तपासणे आणि दुरुस्त करणे हा तिचा धंदा. तिच्या कारखान्यात एक लांब लोखंडी टेबल आहे. त्यावर इंजेक्टर अडकवून ती दांडा दाबते आणि तोंडातून निघणारा डिझेलचा फवारा दिव्यासमोर धरून पाहते. फवारा धुक्यासारखा हवा. त्यात एखादी धार दिसली तर त्या इंजिनाचा पिस्टन आज ना उद्या भाजणार. ही परीक्षा ती दिवसातून साठ-सत्तर वेळा करते आणि तेवढ्याच वेळा मान हलवते. माझी बहीण, म्हणजे तिची आई, म्हणते, “हिला माणसंसुद्धा दिव्यासमोर धरून बघायची सवय लागलीय, म्हणून तर लग्न टिकलं नाही.” त्यावर टाचणीचे उत्तर ठरलेले: “आई, धार होती त्याच्यात.”

शर्यत ही कल्पना म्हणून संसाराहून पुष्कळ सोपी. दोन गाड्या रेघेवर शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिव्यांच्या खांबावर हिरवा दिवा लागतो, आणि चारशे मीटरचा सरळ रस्ता जो आधी संपवील तो जिंकतो. वळण नाही, थांबा नाही, सबब नाही. अवघड आहे ते रेघेवर उभे राहणे. डिझेल इंजिनात खरी ताकद टर्बोने कोंबलेल्या हवेची. आणि टर्बो मोठा असेल तर तो फिरायला वेळ घेतो. म्हणून चालक एका पायाने ब्रेक दाबून धरतो, दुसऱ्याने इंजिनाला डिवचतो, आणि हवेचा दाब चढेपर्यंत गाडी जागच्या जागी थरथरते. पहिली गाडी रेघेवर आली की दुसरीने सात सेकंदांच्या आत यायचे, आणि ती आली की लगेच हिरवा दिवा, असा नियम आहे. सात म्हणजे सात. सहा सेकंद रेंगाळले तर तो गुन्हा नाही.

अंतिम शर्यतीत मोठी गाडी आधी रेघेवर आली. ती चालवत होता समितीच्या अध्यक्षांचा जावई. या नात्याचा आणि निकालाचा काही संबंध नाही, असे अध्यक्षांनी न विचारता तीनदा सांगितले, म्हणून मीही इथे एकदाच सांगतो. जावयाने रेघेवर येताक्षणी ब्रेक दाबला आणि इंजिनाला पूर्ण डिवचले. काळ्या धुराचा लोट उठला, प्रेक्षक उभे राहिले, आणि शेजारची रेघ रिकामीच. टाचणी मागे उभी. एक सेकंद. तीन. पाच. जावयाने पाय सैल करायला हवा होता. पण धुरासाठी टाळ्या मिळत असताना पाय सैल करणारा जावई अजून जन्मायचा आहे. सहा सेकंदांपर्यंत ब्रेक आणि इंजिनाच्या ओढाताणीत त्याच्या गिअरबॉक्समधले तेल उकळू लागले होते. साडेसहाव्या सेकंदाला टाचणी रेघेवर आली, हिरवा दिवा लागला, मोठी गाडी भिंत चालू लागावी तशी सुटली, आणि दोनशे मीटरच्या खुणेवर तिचा गिअर घसरला. इंजिन गर्जत राहिले, चाके ऐकेनात. तीनशेच्या खुणेवर टाचणी तिला ओलांडून गेली.

नऊ वर्षांत प्रथमच लहान इंजिन जिंकले. मैदानावर त्याच संध्याकाळी ‘साडेसहा सेकंद’ हा वाक्प्रचार झाला. कोणी उशिरा आले तर लोक म्हणू लागले, “काय, टाचणीचा डाव टाकतोस काय?”

समितीने तिची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये नेली, तपासनिसाने इंजिन मोजले, शेडला मोहोर लावली, आणि तिसऱ्या दिवशी वर उद्धृत केलेला अहवाल आला. सोबत नोटीस: आरोप सिद्ध झाल्यास शर्यतीचा परवाना पाच वर्षे रद्द. अडतिसाव्या वर्षी पाच वर्षे म्हणजे काय, हे हिशेबाने सांगायची गरज नाही. चाळिशी ओलांडलेल्याला नवा परवाना देत नाहीत. त्या कागदापलीकडे तिला स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते, आणि जे होते त्याला ती कागदाइतके जपत नव्हती.

आरोपीच्या बाजूने एकाच माणसाला बोलता येईल, अशी अट होती. मी तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले आहे. बहीण म्हणाली, “तू जा. तुझ्याशी बोलून लोक थकतात.”

समितीची खोली लांबट. एका भिंतीला ढाली, दुसरीला पंखा, मधे काच बसवलेले टेबल. अध्यक्ष मधोमध; त्यांच्या डावीकडे तपासनीस, उंच आणि वाकायला नाखूश; उजवीकडे कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई. त्या लघुलिपी शिकलेल्या होत्या आणि कोणी खाकरले तरी लिहीत. जावई पाहुणा म्हणून बसला होता.

“काय मामा,” जावई म्हणाला, “हल्ली कॉलेजात कोणी ऐकून घेत नाही वाटतं?”

टाचणी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “गिअरबॉक्स निवला का रे तुझा? का अजून फुंकर घालतोयस?”

बाईंनी तेही लिहिले.

मी तपासनिसाला विचारले, “इंजिन कशाने मोजलंत?”

“हवेच्या मापनळीने. सिलिंडरच्या डोक्यावरच्या भोकात रबरी नळी बसवायची, इंजिन हाताने फिरवायचं. आत पिस्टन जेवढी हवा ढकलतो तेवढा इकडे काचेच्या नळीत दट्ट्या वर सरकतो. वाचायचं आणि लिहायचं.”

“काचेच्या नळीवर खुणा कितीच्या अंतरावर आहेत?”

“पाच-पाच सीसीच्या.”

“तुमचं वाचन सातशे बावन्न पूर्णांक पंचाहत्तर शतांश. सातशे पन्नासची खूण आहे, सातशे पंचावन्नची आहे. हे पंचाहत्तर शतांश कुठे लिहिलेले दिसले?”

“ते अंदाजाने.”

“अंदाज कशाचा?”

“अनुभवाचा.”

“अनुभवाला दशांश स्थळं किती?”

तपासनिसाने अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्षांनी पंख्याकडे.

“नळी जमिनीवर होती. वाचताना डोळा तिच्या पातळीला आणलात? वाकलात?”

“त्या दिवशी माझी कंबर धरली होती.”

“म्हणजे वरून वाचलंत. बरं, हे एका सिलिंडरचं झालं. उरलेल्या तिघांचं वाचन अहवालात नाही.”

“एक नंबरचा सिलिंडर मोजायचा आणि चाराने गुणायचं, अशी आमची पद्धत आहे. सगळे सारखेच असतात.”

“तुम्हाला भावंडं किती?”

“तिघं.”

“सगळी सारखीच?”

“धाकटा वाया गेलाय,” तपासनीस म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच ते ऐकू आले.

यानंतर मी जे बोललो ते मला त्या वेळी फार आवडले होते. मी म्हणालो की ज्या चुकीला चाराने गुणले ती चूक पद्धत होत नाही, चौपट चूक होते. पाचाच्या खुणांवरून पावाचा हिशेब काढणे म्हणजे गहू मोजायच्या मापाने सोने तोलणे. विजयाचे कारण काचेच्या नळीत शोधायची गरजच नव्हती, ते सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले होते: एका चालकाला थांबणे जमले आणि दुसऱ्याला जमले नाही. त्या साडेसहा सेकंदांत जो विचार होता तो सहा हजार सातशे घनसेंटिमीटरमध्ये मावला नाही. आणि शेवटी, मूठ टेबलावर आपटून, मी मागणी केली, “शेजारीच शेड आहे. मोहोर तोडा, आणि आता, सर्वांसमक्ष, चारही सिलिंडर मोजा!”

अध्यक्षांनी समोरच्या काचेवरची माझ्या मुठीची वाफ पाहिली. मग म्हणाले, “मोजू की. हरकत काय? पण त्याआधी एक सुचवतो. आपण सगळे एका मैदानावरची माणसं. टाचणीबाईंनी एवढंच लिहून द्यावं की माप अनवधानाने वाढलं. जिंकल्याची नोंद रद्द होईल. पण परवान्याला आम्ही हात लावणार नाही. दहा मिनिटं घ्या. मामांना विचारा, ते शहाणे आहेत.”

विजयाचा वास मला लगेच आला. ज्याचे नाणे खरे असते तो तडजोड सुचवत नाही. मी टाचणीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात आलो आणि म्हणालो, “घाबरलेत. मोजायलाच लावू त्यांना.”

ती भिंतीला टेकली होती. बोटांच्या पेरांत कधीच न जाणारा काळेपणा असतो, त्याकडे ती बघत होती.

“मामा, चारही कशाला मागितलेत तुम्ही?”

“म्हणजे?”

“एक नंबरवर भांडायचं होतं. तो नीट आहे. पुन्हा मोजला असता तर सातशे सत्तेचाळीस आला असता, आणि आपण घरी गेलो असतो. चार नंबरला नळी लावली तर दट्ट्या जागचा हलणार नाही.”

“का?”

“पिस्टनला तडा गेलाय. हवा खालूनच निघून जाईल.”

मी म्हणालो, “जाऊ दे की! शेवटच्या शर्यतीत गेला असेल तडा. त्यात गुन्हा काय?”

“शेवटच्या नाही. त्याच्या आदल्या.”

तिने एवढेच म्हटले, आणि मला नियमावलीतला एकोणिसावा नियम आठवला. मी ती पाठ केली होती, समितीतल्या पाचांपैकी कोणी केली नसेल इतकी. इंजिन आतून मोडलेले आहे हे ठाऊक असताना जो चालक गाडी रेघेवर आणील त्याचा परवाना आजन्म रद्द. या एका नियमामागे अक्कल होती. मोडक्या इंजिनातून तेल सांडते. एकाच्या तेलावरून दुसऱ्याची गाडी घसरते. चार वर्षांपूर्वी एक चालक असाच भिंतीवर आदळला होता. आज तो काठी घेऊन मैदानाच्या दारावर तिकिटे तपासतो.

समितीने जो गुन्हा लावला तो तिने केला नव्हता. जो केला होता तो त्यांच्या आळसामुळे झाकला गेला होता. आणि ते झाकण उघडा, अशी मागणी मूठ आपटून मी केली होती.

“माहीत असताना कशी गेलीस?” मी विचारले.

“नऊ वर्षं, मामा. नऊ वर्षं उपांत्य फेरीतच काही ना काही मोडायचं. या वेळी मोडलं आणि तरी मी जिंकले होते. समोर शेवटची शर्यत होती आणि मधे चाळीस मिनिटं.”

“दारावरच्या माणसाकडे बघितलं होतंस?”

“रोज बघते,” ती म्हणाली. “त्याने माझं तिकीट फाडून दिलं त्या दिवशी. ‘जिंकून ये’ म्हणाला.”

आत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मी घाईने म्हणालो, “सही कर.”

तिने मान वर केली. “काय?”

“अनवधानाने वाढलं म्हणून लिही. परवाना वाचेल. शेड उघडणार नाही. कोणाला इजा झालेली नाही. पुढच्या वर्षी नीट इंजिन घेऊन ये.”

“मोठं इंजिन होतं म्हणून लिहू?”

“अकरा सीसीने! दोन चमचे!”

“तुम्ही सांगताय?” ती हसली, पण ते हसणे दिव्यासमोर धरले असते तर त्यात धार दिसली असती. “लहानपणी एकदा मी म्हटलं होतं, पाटी आपोआप फुटली. तुम्ही मला दुपारभर बसवून ‘आपोआप’ म्हणजे काय ते समजावलं होतंत. मी सहा वर्षांची होते, मामा. भूक लागली होती.”

तीस वर्षांत माझाच धडा माझ्यावर उलटल्याचे क्वचित घडले आहे, आणि घडले तेव्हा समोरचा बरोबरच होता.

“तो जावई,” ती म्हणाली, “उद्यापासून सगळीकडे सांगेल, हिचं इंजिन मोठं होतं. आणि माझ्या सहीचा कागद दाखवेल. लोक म्हणतील, बघा, शेवटी मोठंच लागतं.”

“आणि खरं सांगितलंस तर तू पुन्हा कधी गाडी चालवणार नाहीस.”

“माहितेय. दारावरच्याला काय सांगायचं ते बघावं लागेल. ते जास्त अवघड आहे.”

आम्ही आत गेलो. अध्यक्षांनी कागद तयार ठेवला होता, पेनाचे टोपणही काढून ठेवले होते. मोठ्या मनाची माणसे अशी तपशिलात दिसतात. तपासनीस कमरेवर हात ठेवून बसला होता. जावई मोबाइलवर काहीतरी बघून हसत होता.

“मग?” अध्यक्ष म्हणाले. “मामांनी समजावलं ना?”

“समजावलं,” टाचणी म्हणाली. “चुकीचं समजावलं.” मग ती कोपऱ्याकडे वळली. “बाई, तुम्ही शब्द न् शब्द लिहिता ना?”

“खोकलासुद्धा,” बाई म्हणाल्या.

“मग मी सावकाश बोलते.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, एवढं औपचारिक कशाला? नुसती सही—”

“लिहू द्या त्यांना,” मी म्हणालो. माझ्या तोंडून त्या दिवशी निघालेले हे एकमेव उपयुक्त वाक्य.

पुढचा मजकूर इतिवृत्ताच्या पान सातवर आहे. त्यावर तीन शिक्के नाहीत. मी त्यात काहीही दुरुस्त केलेले नाही.

‘उपांत्य फेरी संपली तेव्हा चार नंबरचा पिस्टन तडकला होता. मला आवाजावरूनच कळलं. मी चार नंबरच्या इंजेक्टरची तार काढली, म्हणजे तिथं डिझेल जाणार नाही, आणि त्याच्या वाट्याचं डिझेल बाकीच्या तिघांना वाढवून दिलं. तेल बाहेर उडू नये म्हणून खाली तेल साठतं त्या डब्याला फडकी गुंडाळली. फडकी सुटली असती तर तेल रस्त्यावर आलं असतं आणि शेजारी जावई असता. माहीत होतं. तरी गेले. हा गुन्हा आहे, तो माझाच, मामांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसरं, साडेसहा सेकंद. लोक त्याला डाव म्हणतात. मामा पण मघाशी खूप छान बोलले. डाव वगैरे काही नव्हता. तीन सिलिंडरवर टर्बो भरायलाच तेवढा वेळ लागतो. मला रेघेवर येताच येत नव्हतं. मी मनात याला शिव्या देत होते, अरे पाय काढ, पाय काढ, गाडी जळेल तुझी. त्याने काढला नाही. आता माप. तुम्ही एक मोजलात आणि चाराने गुणलंत. चाराने नाही, तिनाने गुणायचं. सातशे सत्तेचाळीस गुणिले तीन. तीन हजार अकरा खोडा. दोन हजार दोनशे एक्केचाळीस लिहा. सहा हजार सातशेला तेवढ्यानं हरवलंय, ते लिहा, आणि मग परवाना घ्या.’